चाळीस फुटांखालची लाल माती

लातूर,
२० मे १९८६

प्रिय सिंधु,

तुला आईचा सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळालं. बारा जूनला तू अमेरिकेला निघणार, दोन वर्षांसाठी, आणि त्याआधी गावाकडं येणं जमणार नाही असं लिहिलंस. कामाची गर्दी, प्रबंधाच्या प्रती, व्हिसाचे कागद, हे सगळं मला समजलं. पण त्याखाली तू आणखी एक ओळ लिहिलीस. ‘शिवाय घरी काका असतील.’ ती ओळ नसती तर मी तुझ्या गर्दीवर विश्वास ठेवला असता आणि ‘सुखरूप जा’ एवढं कार्ड टाकून गप्प बसले असते. आजवर मी तुला कधी ‘ये’ म्हणून लिहिलेलं नाही. आज लिहिते. जाण्याआधी एकदा ये. का ये, ते सांगायला मला बराच वेळ लागणार आहे, कारण मी चार वर्षं ते सांगितलेलं नाही. पत्र मधेच घडी घालून ठेवू नको, शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबर. मुरुडला टँकर एक दिवसाआड येतो. अंगणवाडीला सुट्टी लागली नाही, सुकडी मिळते म्हणून पोरं उन्हाळ्यातही येतात. मी त्यांना पाण्याचा एकच तांब्या फिरवून देते, आणि कोण किती घोट प्याला यावरून त्यांची भांडणं होतात. सरजाबाई शेजारीण तुझी आठवण काढते. ती म्हणते, “तुमची सिंधी चंद्रावरच्या दगडाची डाक्टर झाली म्हनं. आमच्या कंबरंचं काई औशद हाय का तिच्यापाशी?” मी सांगितलं, ती दगडाला इंजेक्शन देते, माणसाला नाही. लातूर आता तुला ओळखू येणार नाही. जिल्हा झाल्यापासून नवी हापिसं, रुंद रस्ते, नव्या वसाहती. पूर्वी एका कागदासाठी उस्मानाबादेला जावं लागायचं, आता इथंच काम होतं. नवा जिल्हा म्हटलं की लोकांना अजून त्या दिवशीचा गुलाल आठवतो. मला त्या दिवशीचं दुसरंच आठवतं, तेही पुढं लिहिते.

तुझ्या प्रदर्शनाचं कात्रण कुलकर्णी गुरुजींनी आणून दिलं. चित्र छोटं छापलंय आणि काळं-पांढरं, पण मला रंग माहीत होते. खाली नाव दिलंय, ‘लिंबाजी, चाळीस फूट’. सिंधु, तुझ्या दादांचं नाव मी लग्नात उखाण्यापुरतं घेतलं असेल, त्यानंतर तोंडानं कधी घेतलं नाही. ते असतानाही नाही, ते गेल्यावरही नाही. कात्रण मात्र मी मोठ्यानं वाचत होते आणि नाव येऊन गेलं. मग थांबले, आणि पुन्हा एकदा वाचलं. लिहिणाऱ्यानं लिहिलंय की चित्रकर्ती शास्त्रज्ञ असून लिंबाजी हा चंद्रावरचा एखादा खळगा असावा. मी हसले, मग फार वेळ हसू आलं नाही. व्यंकटरावांना गुरुजींनी सांगितलं की तुमच्या विहिरीच्या मातीचं चित्र मोठ्या शहरात लागलंय. ते म्हणाले, “माती माझी आन् नाव लिंबाजीचं?” गुरुजी म्हणाले, “खोदली कुणी?” त्यावर व्यंकटराव उठून आत गेले. त्यांच्या बापाच्या काळात ती विहीर तुझ्या दादांनीच खोदली, आणि पाणी लागल्यावर तुझे दादा त्याच विहिरीवर वरून ओंजळीत वाढलेलं पाणी प्याले. हे व्यंकटरावांनाही ठाऊक आहे.

तुला माती कळायला लागली ती बहात्तरच्या दुष्काळात. तू बारा वर्षांची होतीस. सगळ्यांच्या विहिरी आटल्या, म्हणून जो तो विहीर आणखी खोल करायला निघाला, आणि आपल्या घराला कधी नव्हे एवढं काम मिळालं. तुझे दादा आणि तुझे काका, पंढरीभावजी, खाली उतरून सुरुंगाची भोकं पाडायचे, मी वर यारीवर, दोरानं दगडाच्या पाट्या ओढायला. गाव अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची लाल भाकरी खाऊन दिवस काढत होतं आणि तू विहिरीच्या काठावर बसून प्रत्येक पाटीत काय आलं ते बघायचीस. वर काळी, मग चुनखडीची पांढरी, मग मुरूम, मग काळा पाषाण. त्या पाषाणाच्या पोटात कुठंतरी हातभर जाडीची लाल माती लागायची, भाजलेल्या विटेसारखी. दादा तुला म्हणाले, “ह्यो लाल पट्टा लागला की समजायचं, वरचा दगड येगळा आन् खालचा येगळा. मधी लई दिस गेलेत.” चौथी शिकलेला माणूस. पुढं नांदेडच्या कॉलेजातून तू पहिल्या दिवाळीला आलीस आणि म्हणालीस, दादा, लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत हजारो वर्षं गेली, त्या वर्षांची ती माती. तेव्हा ते तुझ्याकडं बघतच राहिले. आपण जे अंदाजानं बोललो ते पुस्तकात आहे, याचा त्यांना एवढा आनंद झाला की ते आठ दिवस भेटेल त्याला तेच सांगत होते.

तू ती लाल, पांढरी, काळी माती डिंकात कालवून जुन्या पेपरांवर चित्रं काढायचीस. मी रागवायचे. तुला वाटायचं, आईला चित्रं आवडत नाहीत. तसं नव्हतं. वाण्याच्या दुकानातून पुड्यांचे कागद मी जपून आणायचे आणि त्यातली बातमी वाचून व्हायच्या आत तू त्यावर माती फासायचीस. मी वाचायला कशी शिकले, तुला आठवतं? तुझ्या पहिलीच्या पुस्तकातून, तुझ्या शेजारी बसून. तू पाटीवर गिरवायचीस, मी चुलीपुढच्या राखेत. तू दुसरीत गेलीस तेव्हा मी अजून जोडाक्षरांत अडकले होते, आणि तू बाईंसारखा आवाज काढून म्हणायचीस, “आई, पुन्हा!” त्यानंतर मी कधी थांबले नाही. विहाराच्या कपाटातली सगळी पुस्तकं झाली, ग्रामपंचायतीच्या वाचनालयातली निम्मी झाली. तू पाठवलेलं चंद्राचं पुस्तक तीनदा वाचलं. त्यातली गणितं सोडली, पण माणसं आणि दगड समजले.

नांदेडला तुला सोडायला तुझे काका गेले होते. दादांना काम सोडता आलं नाही. ट्रंक काकांच्या डोक्यावर आणि तू त्यांच्या मागं, असे तुम्ही गेलात. काका तीन दिवसांनी परतले. मी विचारलं, एवढे दिवस कुठं होता? ते म्हणाले, “नांदेडच्या स्टँडवर. पोरगी म्हनली, काका तुमी जावा. म्या म्हनलं जातो. पर म्या गेलो न्हाई. करमलं न्हाई तर माघारी येऊन स्टँडवरच येईल ना? मंग म्या तिथं असाया पाहिजे.” दोन दिवस ते स्टँडवर झोपले. तू आली नाहीस. तिसऱ्या दिवशी होस्टेलच्या फाटकापाशी जाऊन लांबून बघितलं, तू मैत्रिणींबरोबर हसत चालली होतीस, मग ते गाडीत बसले. हे तुला मी कधी सांगितलं नाही. त्यांनी ‘सांगू नका’ म्हणून सांगितलं होतं. त्यांनी ‘सांगू नका’ म्हणून सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडं फार साठल्या आहेत.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीत तू औरंगाबादेहून आलीस ती गोष्ट मी पोरांना अजून सांगते. तू अंगणात दादांना समजावून देत होतीस की चंद्रावर जे काळे डाग दिसतात, तो आपल्यासारखाच काळा दगड आहे, तोही असाच लाव्हा होऊन वाहिलेला. लोणारला तुम्ही पोरंपोरी जाऊन आला होतात. आभाळातून दगड पडून आपल्या काळ्या पाषाणात जसं तळं झालं, तसे चंद्रावर हजारो खळगे आहेत असं तू म्हणालीस. दादा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “मंजी तिथंबी सुरुंगच लागंल. पर पानी लागतंय का?” तू म्हणालीस, नाही, चंद्रावर पाणी नाही. “मंग इहीर कशाला खांदायची? दुसरं गिऱ्हाईक बघ.” काका तर हसून हसून खोकायला लागले. दोघे भाऊ एकाच वेळी खोकायचे तेव्हा. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. विहिरीवर काम करणारा माणूस खोकणारच.

त्यानंतर तू अहमदाबादच्या संस्थेत लागलीस. चंद्रावरून आणलेला हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा तुझ्या काचेखाली आला, त्या दिवशी तू मला चार पानं लिहिलीस. ते तुझं माझ्याकडचं सगळ्यात लांब पत्र आहे. पुढं पत्रं आखूड होत गेली. तिथल्या साहेबांनी तुला विचारलं, तू संशोधन करतेस की चित्रं काढतेस, आणि तू म्हणालीस, हातानं काढल्याशिवाय मला खळग्याचा काठ दिसतच नाही. हे वाचून मला बरं वाटलं. पण हल्लीच्या पत्रांत माझ्यासाठी काय असतं, सिंधु? व्यंकटरावांच्या विहिरीतली चाळीस फुटांची लाल पाठव. भामाबाईच्या मळ्यातली पांढरी पाठव. पुडीवर खोली लिही. तुला इथली माती पाहिजे, गाव नको. मी तक्रार करत नाही. तू मागतेस म्हणून तरी पत्र येतं, असं म्हणून मी वाट बघते, आणि पोस्टमन दारावरून पुढं गेला की त्या दिवशी भाकरी करपते.

आता त्या मातीविषयी. गेल्या वर्षी तू लिहिलंस, ‘आई, तुझ्यासारखी बारीक माती इथं यंत्रानंही चाळून मिळत नाही.’ मी ते कौतुक घेतलं. ते माझं नव्हतं. माझ्या गुडघ्यांनी मला चाळीस फूट खाली कोण उतरू देणार? माती तुझे काका काढतात. पहिल्या पुडीपासून तेच काढतात. विहिरी आटल्या म्हणून थर उघडे पडलेत, त्यांना दोर लागतो आणि वर धरायला एक माणूस. ते उतरतात, विळ्यानं थर खरवडतात, वर आल्यावर अर्धा तास बसतात. मग तीन दिवस सावलीत वाळवतात, उन्हात रंग बदलतो म्हणे. जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळतात. खोली ते वितीनं मोजतात आणि मला सांगतात, चिठ्ठी मी लिहिते. ते स्वतः लिहू शकतात, तिसरी शिकलेत. पण म्हणतात, “माजं अक्षर वळखंल ती. मंग माती फेकून दिली तर चित्र ऱ्हाईल.” तुझ्या कात्रणातलं चित्र त्यांनी हातात धरलं, बोटानं त्या करड्या जागेवर दाखवलं आणि म्हणाले, “ही खालच्या अंगाची हाय, पावसाळ्याआधी काढलेली.” अमेरिकेला न्यायला तू मागितलेली लालही गाळून तयार आहे. ती तुला मिळेल, तू ये नाहीतर न ये. त्यासाठी मी तुला अडवणार नाही.

आता ऑगस्ट ब्याऐंशीचं लिहिते. दोन दिवस इथं लातूरला बसून मी हे मनात लिहून बघितलं, दोन्ही दिवस ते नीट उतरलं नाही. जसं जमेल तसं लिहिते. तुझ्या दादांना आम्ही याच लातूरच्या दवाखान्यात आणलं होतं. छातीत दगडाची भुकटी बसली आहे, आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला आणि काकांना बाहेर बोलावून सांगितलं. पंधरा तारखेला दादा म्हणाले, “सिंधूला बोलवा.” तू औरंगाबादला होतीस. एकोणीस तारखेला अहमदाबादला तुझी मुलाखत होती आणि सतराला तू निघणार होतीस. मीच चिठ्ठीवर तुझा पत्ता आणि मजकूर लिहून काकांच्या हातात दिला. सोळा तारखेला सकाळी ते तार करायला निघाले. त्याच दिवशी जिल्हा झाला. रस्त्यावर ही गर्दी, बँडबाजा, गुलाल, लेझीम. मी वॉर्डाच्या खिडकीतून काकांना त्या गर्दीत शिरताना बघितलं, आणि काय झालं मला, मी पायऱ्या उतरून पळत त्यांच्या मागं गेले. गर्दीत त्यांना सदऱ्याला धरून थांबवलं. म्हटलं, भावजी, ती चिठ्ठी द्या. ते म्हणाले, “वहिनी, दादा वाट बघून राहिलेत.” मी म्हटलं, मला दिसतंय. द्या. त्यांनी दिली. मी ती तिथंच फाडली. तुझ्या काकांच्या अंगावर गुलाल पडला तो त्या वेळी, माझ्यासमोर उभं असताना. ते मिरवणूक बघायला गेले नव्हते, सिंधु. ते तारेला निघाले होते आणि मी त्यांना अडवलं.

मला त्या वेळी एवढंच दिसत होतं की तार मिळाली की तू पहिल्या गाडीनं येशील. बाप मरताना सोडून तू परत जाणार नाहीस. एकोणीस तारीख जाईल. मग तुझी तिथली खुर्ची दुसरं कुणीतरी घेईल. आणि तू मुरुडला कुठल्यातरी शाळेत अर्ज देत बसशील. तुझ्या दादांनी ज्यासाठी छातीत दगड घेतला, ते त्यांच्याच मरणानं वाया जाईल. हे बरोबर होतं की चूक, मला आजही नक्की सांगता येत नाही. पण मी वर गेले आणि दादांना म्हटलं, तार केली. ते म्हणाले, कधी येईल? मी म्हटलं, उद्या. सतरा तारखेला दिवसभर त्यांची नजर दाराकडं होती. मी दारावर पडदा टाकायला सांगितला, तर ते म्हणाले, “नको, ती आल्याली दिसणार न्हाई.” दुपारी त्यांचा श्वास फार लांब लांब झाला. त्यांनी डोळे उघडून विचारलं, “आली का?” मी म्हटलं, आली, जिन्यावर हाय, वर येऊन राहिली. त्यांनी मान हलवली. ते समाधानानं गेले असं लोक म्हणतात. मी त्यांना खोटं समाधान दिलं. त्यानंतर चार वर्षांत असा एक दिवस गेला नाही की जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं आणि मी वळून बघितलं नाही.

वीस तारखेला मी तार केली, मुलाखत झाल्याचा दिवस मोजून. ती तुला एकवीसला औरंगाबादच्या होस्टेलवर मिळाली, बावीसला तू दारात उभी राहिलीस. हातात ती तार होती. तू तारीख दाखवून विचारलंस, दादा सतराला गेले तर तार वीसची कशी? मी तार तुझ्या हातातून घेतली. आणि तुझे काका उंबऱ्यावर बसले होते, तिथूनच म्हणाले, “चिठ्ठी माज्यापाशी दिली हुती सोळाला. म्या मिरवणुकीत गेलो आन् इसरलो.” आम्ही असं काही ठरवलं नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. चोवीसला दादांच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला सगळं गाव बसलेलं असताना तू त्यांना म्हणालीस, “काका, तुम्ही बाजा ऐकत होता आणि माझे दादा माझी वाट बघत होते. यापुढं माझ्याशी बोलू नका.” ते उभे राहिले, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, “चुकलं माजं, बाई.” एवढंच. तेव्हा मी उठून खरं सांगायला पाहिजे होतं. मी ताटं वाढत होते. मी वाढतच राहिले.

नंतर मी त्यांना विचारलं, असं का केलंत? तर म्हणाले, “वहिनी, चुलत्यावर रुसली तर आईकडं तरी येईल. आईवर रुसली तर कुणाकडं येईल?” आम्हा दोघांचाही अंदाज चुकला. चार वर्षांत तू दोनदा आलीस, दोन्ही वेळा काका कामावर बाहेरगावी असताना. तू येणार असं कळलं की ते स्वतःच गाव सोडायचे. एकदा धर्माबादला कुणाच्या विहिरीवर काम आहे म्हणून गेले, तिथं काहीच काम नव्हतं. तू परत गेलीस की आले आणि विचारलं, वाळली का? जेवत होती का? चित्र काढलं का एखादं? तुझी काकू केवळाबाई गेल्यापासून त्यांना दुसरं कुणी नाही. अहमदाबादला तुझी निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा मुरुडात पेढे त्यांनीच वाटले, आणि लोक तोंडावर म्हणाले, ज्यानं बापाची भेट चुकवली तोच पेढे वाटतोय. ते ऐकून घेत पुढच्या घरी गेले. मी हे सगळं बघितलं, आणि प्रत्येक पत्र लिहायला बसले की म्हणायचे, आज लिहीन. मग मातीच्या पुडीची खोली लिहायचे आणि पाकीट बंद करायचे. तू माझ्यावर रुसलीस तर मला काय उरेल, ही भीती होती. लिहायला-वाचायला शिकले त्याचा एवढाच उपयोग केला मी, असंही वाटतं.

आता हे आज का लिहिलं, ते. तुझे काका शनिवारपासून इथं दवाखान्यात आहेत. तुझ्या दादांचं जे होतं तेच, दोघांनी एकाच विहिरीतली भुकटी खाल्ली. तुझ्या मातीमुळं झालं असं मनात आणू नको, मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलं, ते म्हणाले हे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच सुरू झालंय. पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे, असं ते म्हणाले. म्हणजे तुझ्या बारा तारखेच्या आसपास. काका तुला बोलवा म्हणत नाहीत. रोज उलटं सांगतात, “तिला कळवू नका वहिनी, तिची मोठी गाडी चुकंल.” मीही तेव्हा हेच म्हटलं होतं, आणि तुझ्या वतीनं ठरवून मोकळी झाले होते. या वेळी मी त्यांचं ऐकलं नाही, आणि तुझं मी ठरवणारही नाही. तार करता आली असती, पण तारेत ‘काका आजारी’ एवढंच मावलं असतं, आणि ते वाचून तू आली नसतीस. यायचं झालं तर कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीनं लातूरला ये, स्टेशनवरून दवाखाना कुणीही दाखवील. पुरुषांच्या वॉर्डात डावीकडची चौथी खाट. माझ्यावर रागावून आलीस तरी चालेल, माझ्याशी न बोलता त्यांच्यापाशी बसलीस तरी चालेल. आणि येणं झालंच नाही तर तुझं काम सोडू नको, त्याबद्दल मी तुला कधी एक शब्द बोलणार नाही. फक्त काकांनी मला ‘आली का?’ असं विचारलं, तर या वेळी मी त्यांना खरं तेच सांगेन.

तुझीच,
आई